तीन ठोके

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे. मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. आणि या गोष्टीत तो स्वतः इतका लहान दिसतो की थापच मारायची असती, तर त्याने दुसरी शोधली असती.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. इथे तसलं काही नाही. वेळ भर दुपारची. दीड वाजताची. जेवणाच्या सुट्टीतली. जागा म्हणजे एक लांबट शेड, मधोमध फळ्यांची भिंत. भिंतीच्या अलीकडे मामाचं फर्निचर पॉलिशचं काम. पलीकडे एक म्हातारे मूर्तिकार.

मामा त्यांना काका म्हणायचा. त्यांच्या बायकोला काकू.

काका लाकडाच्या बुद्धमूर्ती करायचे. वीतभर उंचीच्या, एकाच ओंडक्यातून काढलेल्या. आणि अगदी साध्या. खांद्यांना दोन काप, अंगावरच्या वस्त्राला तिरपे तीन-चार, मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा. मांडीवरचे हात म्हणजे नुसता एक गोलसर उंचवटा. पटाशीच्या खुणा जशाच्या तशा. पॉलिश पेपरचा हात कधी फिरला नाही त्यांवर.

मामाला ते बघवायचं नाही. आयुष्य लाकूड गुळगुळीत करण्यात गेलेलं. तो मामीला म्हणायचा, "धड नाक नाही, धड कान नाही. अर्धवट काम करायचं आणि त्याला साधेपणा म्हणायचं! मीही उद्यापासून तीन पायांच्या खुर्च्या करतो."

पण एक गोष्ट त्याने मामीलाही सांगितली नव्हती.

एकदा वीज गेली होती. काम बंद. मामा सहज पलीकडे डोकावला, तर खिडकीत एक मूर्ती ठेवलेली. तो बघत उभा राहिला. भानावर आला तेव्हा वीज येऊन बराच वेळ झाला होता. त्या दिवशी सकाळी घरी कडाक्याचं भांडण झालेलं, आणि ते कशावरून झालं हेच त्याला आठवेना. इतकं शांत वाटलं होतं. आपण अठरा हात पॉलिश चढवतो तरी कोणी आपल्या टेबलासमोर असं उभं राहत नाही, हे त्याला कुठेतरी खुपलं.

मामा मला म्हणाला, "खरं सांगू? मत्सर होता. तिथूनच सगळं सुरू झालं."

आता काकूंबद्दल सांगायला हवं.

काकूंना दिसत नव्हतं. लग्नानंतर दहा वर्षांच्या आत दोन्ही डोळे गेलेले. त्या रोज काकांबरोबर यायच्या आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायच्या.

काकांची कामाची एक ठरलेली रीत होती. ते पटाशीवर तीन ठोके मारायचे.

ठक्. ठक्. ठक्.

मग थांबायचे. मूर्ती काकूंच्या हातात द्यायचे. काकू अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "अजून."

पुन्हा तीन ठोके. पुन्हा मूर्ती काकूंच्या हातात. "अजून."

असं चालता चालता काकू कधीतरी म्हणायच्या, "बस."

की काकांनी पटाशी खाली ठेवलीच. मग कान राहिलेला असो, नाहीतर बोटं राहिलेली असोत. त्या मूर्तीला पुन्हा हात लागायचा नाही. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. मूर्ती साध्या का होत्या, तर काकू लवकर 'बस' म्हणायच्या म्हणून.

एकदा काकू आठवडाभर बहिणीकडे गेल्या. बहीण आजारी होती. त्या आठवड्यात काकांनी एकट्यानेच एक मूर्ती करायला घेतली. शनिवारी दुपारी जेवून ते भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. मूर्ती मांडीवरच होती.

काकूंच्या हातांनी न बघितलेली ती एकच मूर्ती.

पंधरा दिवसांनी काकू मामाला म्हणाल्या, "तुझ्याकडे किल्ली राहू दे रे खोलीची. हत्यारं मी घरी नेलीत. ती मूर्ती तेवढी तेलाच्या फडक्याने पुसून आण. दुसरं काही करू नकोस."

दुसरं काही करू नकोस... हे त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या.

मामाने मूर्ती टेबलावर घेतली. तेलाचा हात दिला. एका गालावर पटाशीची खूण जरा खोल गेलेली दिसली. त्याला वाटलं, एवढी एक काढू. काढली. मग दुसरा गाल विजोड दिसायला लागला. तोही घासला. मग कपाळ. मग खांदे. वर पॉलिश. रविवारचा अख्खा दिवस गेला. संध्याकाळी मूर्ती अशी चकचकीत झाली की तिच्यात खिडकी दिसावी.

"आता कशी दिसतेय!" तो स्वतःशीच म्हणाला.

जिच्यासाठी केली तिला दिसत नाही, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सकाळी त्याने मूर्ती काकूंच्या हातात ठेवली. काकूंनी अंगठा फिरवला. थांबल्या. पुन्हा फिरवला. मूर्ती गालाला लावून बघितली.

"हे ह्यांचं काम आहे?"

खरं बोलायला तो एक क्षण पुरे होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हो काकू. त्यांचंच. शेवटी शेवटी माझ्याकडून पॉलिश पेपर मागून नेला होता त्यांनी."

खोटं एकदा निघालं की त्याला हातपायही आपोआप फुटतात.

काकूंनी मूर्ती मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना असं हवं होतं. मी नसताना केलं तर असं केलं." त्यांचा अंगठा त्या गुळगुळीत गालावरून नुसताच घसरत होता. "चाळीस वर्षं मी ह्यांना मध्येच थांबवत आले का रे?"

मामाने चपला घातल्या. तसाच घरी आला आणि मामीवर उगाचच डाफरला.

त्याच दुपारची गोष्ट.

दीड वाजला होता. शेजारच्या कारखान्यातली करवत सुट्टीसाठी बंद झाली. मामाने डबा उघडला. पहिला घास हातात... आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

ठक्. ठक्. ठक्.

मग शांतता.

मामाला वाटलं, उंदीर असेल.

ठक्. ठक्. ठक्.

तीनच. मोजून तीन. आणि मग शांतता.

त्याने किल्ली घेतली. बाहेरून वळसा घालून पलीकडचं दार उघडलं. आत कोणी नाही. खिडकीला आतून कडी. बाकावर, स्टुलावर, जमिनीवर सगळीकडे पंधरा दिवसांची धूळ.

फक्त काका जिथे बसायचे तिथे... माणूस बसेल एवढ्या जागेत धूळ नव्हती.

आणि त्या जागेसमोर जमिनीवर ढलप्या पडलेल्या. पिवळसर, ओल्या लाकडाच्या. बोटाला ओल लागली त्याच्या.

खोलीत लाकूड नव्हतं. पटाशी नव्हती. हत्यारं काकूंच्या घरी होती.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता पुन्हा आवाज. तिसऱ्या दिवशीही. मामा आत गेला की आवाज बंद. बाहेर आला की सुरू. रविवारी मामा घरी असायचा, तर सोमवारी ढलप्या जास्त पडलेल्या नसायच्या. म्हणजे मामा असला तरच ते व्हायचं. ऐकायला कोणीतरी असलं तरच.

त्याने ढलप्या गोळा करून पॉलिशच्या एका रिकाम्या डब्यात भरायला सुरुवात केली. फेकून द्यायचा धीर होईना.

त्याची भूक गेली. डबा तसाच परत जायला लागला.

मामी म्हणाली, "अहो, वीस वर्षांनी माझ्या हातची चव बिघडली, की दुसरीकडे कुठे डबा लागलाय?"

"गप बस गं," मामा म्हणाला. एरवी त्याने या थट्टेला सवाई उत्तर दिलं असतं.

महिना गेला. एक गोष्ट मामाच्या हळूहळू लक्षात आली. ठोके तेवढेच होते, तीन. पण मधलं थांबणं... ते वाढत चाललं होतं.

आधी चार श्वासांएवढं. मग दहा. मग वीस.

कोणीतरी वाट बघत होतं.

मामाला काकांची रीत माहीत होती. चार वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेली. तीन ठोके झाले की काकूंचा शब्द यायला हवा. 'अजून' तरी, नाहीतर 'बस' तरी. इथे शब्द येत नव्हता. मग बिचारे आपणच पुन्हा तीन ठोके मारायचे. आणि पुन्हा थांबायचे.

काकूंना सांगायला हवं होतं. शहाण्या माणसाने त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं असतं, "काकू, चला. तुम्हाला कोणीतरी विचारतंय."

मामा दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार. त्या विचारणार, ह्यांना तुझ्याकडे यायचं काय कारण? मग पॉलिश पेपर निघणार. खाई त्याला खवखवे. दोन्ही वेळा तो फाटकातूनच मागे फिरला.

दुसऱ्या वेळी काकू अंगणातच बसल्या होत्या. पावलांवरून त्यांनी ओळखलं. "कोण, तू का रे? ये ना."

मामा श्वास रोखून उभा राहिला. काकूंनी थोडा वेळ त्याच्याकडे तोंड करून ठेवलं. मग वळवलं.

"आंधळ्या बाईसमोर लपलो मी," मामा मला म्हणाला. "विचार कर, किती खाली गेलो असेन."

चार महिने झाले. थांबणं आता इतकं लांबलं होतं की सुट्टीच्या अर्ध्या तासात जेमतेम दोनदा ठोके पडायचे. तेही हळू. थकल्यासारखे. मामाला ठोक्यांची भीती वाटेनाशी झाली होती. भीती वाटायची ती मधल्या शांततेची.

एका दुपारी तीन ठोके पडले.

ठक्... ठक्... ठक्.

मग थांबणं सुरू झालं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मामाच्या कानांत रक्त वाजायला लागलं. त्याने दोन्ही हात फळ्यांवर आपटले आणि तो ओरडला,

"बस! बस झालं!"

भिंतीपलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. हळूच. लाकडावर लोखंड ठेवल्याचा.

मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामा तीन दिवस पोटभर जेवला. सुटलो म्हणाला. झोपही लागली. त्या तीन दिवसांचीच त्याला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

चौथ्या दिवशी काकूंचा निरोप आला. घरातल्या मूर्ती कोणाला तरी देऊन टाकायच्या होत्या. मामा गेला. काकूंनी अकराच्या अकरा मूर्ती फडक्यांत बांधून ठेवल्या होत्या. ती चकचकीत एक तेवढी पुढ्यात होती.

"घेऊन जा सगळ्या," त्या म्हणाल्या. "हात लावला की वाटतं, इथे ह्यांना अजून काम करायचं असेल, मी होऊ दिलं नाही. इथेही नाही. आंधळीच्या नादाने बिचारे जन्मभर अर्धवट राहिले. त्यांना हवी होती तशी ही एकच झाली. हीच ठेवते."

आणि त्या ती मूर्ती पदराने पुसायला लागल्या.

मामा जमिनीवर बसला.

"काकू, ते त्यांचं नाही. मी घासली. मला तेवढंच येतं. तुम्ही नको म्हणालात तरी घासली, आणि वर खोटं बोललो. त्यांनी पेपर कधी मागितला नाही. त्यांनी केली होती ती या बाकीच्या अकरांसारखीच होती."

काकूंचा हात थांबला. त्यांनी एक गाठोडं ओढून सोडलं. आतली मूर्ती घेऊन तिच्या खांद्यावर अंगठा ठेवला, पटाशीच्या खुणेत. बराच वेळ तिथेच ठेवला. चेहरा सैल पडत गेला त्यांचा. मामाला वाटलं, झालं, आता शिव्या देतील, मारतील, आणि संपेल.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. मामाला राहवलं नाही. त्याने पुढचंही सांगितलं.

"ठोके ऐकू यायचे?" काकूंचा आवाज एकदम बदलला. तरण्या बाईसारखा झाला. "किती?"

"तीन."

"मग थांबायचे?"

"हो."

"किती दिवस येत होते?"

"चार महिने."

"चार महिने," काकू म्हणाल्या. "मी इथे रोज रात्रंदिवस कान देऊन बसायचे रे. भांडं वाजलं तरी उठायचे. माझ्याकडे एकदा आले नाहीत." मग घाईने चपला शोधायला लागल्या. "चल. दीड वाजायला किती अवकाश आहे?"

"काकू... आता नाही येत आवाज."

"का?"

मामा मला म्हणाला, त्या 'का'चं उत्तर देण्यापेक्षा त्या क्षणी मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

"मी 'बस' म्हणालो."

काकू चपलेत एक पाय घालून उभ्या होत्या. तशाच राहिल्या.

"माझ्याऐवजी?" एवढंच त्या म्हणाल्या.

तरी त्या आल्या. मामाने कुलूप उघडलं. त्या स्टुलावर बसल्या, धूळ न झटकता. दीड वाजला. करवत बंद झाली. मामा दाराशी उभा.

"अजून," काकू म्हणाल्या.

काही नाही.

"अजून," जरा मोठ्याने.

त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, मूर्ती घ्यायला धरतात तसे. दोन वाजेपर्यंत धरून होत्या.

मग त्यांनी ढलप्यांचा डबा मागितला. एकेक ढलपी बोटांत घेऊन चाचपली. ज्या बाईने चाळीस वर्षं हातांनी हे काम बघितलं, तिला ढलपीवरून काप कळत होता. "ही खांद्याची... ही गुडघ्याची... ही पाठीची, इथे ते पटाशी आडवी धरायचे." संपूर्ण डबा झाला, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"चेहऱ्याची एकही नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळी मूर्ती झालीय. चेहरा राहिला."

"कुठे आहे पण ती मूर्ती?" मामाने विचारलं.

"मला काय माहीत? तूच थांबवलीस."

रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर मामाला सोसलं असतं.

काकू पुढची दोन वर्षं रोज दुपारी येत राहिल्या. मामा हात धरून आणायचा, पोचवायचा. एकदा त्याच्या मनात आलं, आपणच भिंतीपलीकडून तीन ठोके मारावेत, म्हातारीला तेवढंच सुख. त्याने आपल्याकडची पटाशी उचललीसुद्धा. काकू पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "नको रे. एकदा फसवलंस तेवढं पुरे." त्याने ठोका मारलाही नव्हता.

त्या गेल्या, त्यालाही सहा वर्षं झाली. ती खोली मामाने अजून कोणाला दिलेली नाही. रोज दीड वाजता तो डबा न उघडता तिथे जाऊन बसतो. मागच्या महिन्यात मी हट्टाने त्याच्याबरोबर गेलो.

स्टूल आहे. बाक आहे. मामा दाराजवळ उकिडवा बसला आणि त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. घट्ट. बोटं पांढरी पडली. मी खुणेने विचारलं, हे काय? त्याने मान हलवली. अर्धा तास त्याने तो हात काढला नाही. पुन्हा चुकून काही बोललं जाऊ नये म्हणून.

ठोके पडले नाहीत. ते मी शपथेवर सांगतो.

पण मध्येच कधीतरी... बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, तो आवाज ऐकू येईनासा झाला. नळ गळत होता, तो थांबला. मला माझा श्वास ऐकू येईना. आणि मला अगदी पक्कं कळलं की माझ्याकडे कोणीतरी काहीतरी पुढे धरलंय, आणि मला ते हातात घेऊन एक शब्द बोलायचा आहे.

मी हात पुढे केले नाहीत. मांड्यांखाली दाबून ठेवले.

दाराबाहेर आल्यावर मामाने तोंडावरचा हात काढला. गालांवर बोटांचे वळ उठले होते. आशेने बघत होता माझ्याकडे. म्हणाला, "तुला काही जाणवलं का रे?"

"नाही मामा," मी म्हणालो. "काहीच नाही."

तो बरं म्हणाला आणि कुलूप लावायला वळला.